रविवारचं वेळापत्रक मंगळवारी मोडतं, तेव्हा

*ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. दीड वर्षापासून दोघांना घरीच शिकवते. दर रविवारी रात्री बसून आठवड्याचं वेळापत्रक आखते. मोठ्या कार्डशीटवर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, काम पूर्ण झालं की चांदणीचं स्टिकर. सोमवार बरा जातो. मंगळवारी कुणाला तरी सर्दी होते, नाहीतर भागाकार अडून बसतो, नाहीतर माझं ऑफिसचं काम लांबतं (मी सकाळी तीन तास घरूनच काम करते). बुधवारपर्यंत सगळं कोलमडलेलं असतं. लवचीकपणा हवा म्हणून शाळा सोडली आणि आता मीच शाळेपेक्षा कडक झालेय. मुलगी हुशार आहे, पण मी शेजारी बसले तरच वही उघडते. मी उठले की तीही उठते. आपला आपण अभ्यास करायला तिला कसं शिकवू? मिस्टर म्हणतात, एक तर नीट शिस्तीत चालव, नाहीतर शाळेत घाल. मुलं मागे तर पडत नाहीत ना, या विचाराने रात्री झोप लागत नाही. न मोडणारं वेळापत्रक कसं बनवू?*

*– एक दमलेली आई*

तुमच्या पत्रातली क्रियापदं मी पेन्सिलने अधोरेखित केली. जुनी शिक्षिका आहे, सवय जात नाही. आखते, शिकवते, शिकवू, बनवू. सगळ्यांचा कर्ता तुम्ही. मुलीच्या वाट्याला दोनच क्रियापदं आली आहेत: ‘उघडते’ आणि ‘उठते’.

माझं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण जरा उलगडून सांगते.

आपला आपण अभ्यास करणं म्हणजे शेजारी कुणी नसताना गणितं सोडवणं नव्हे. ते त्यातलं शेवटचं आणि सोपं काम. आज काय करायचं, किती करायचं, कुठून सुरू करायचं, अडलं तर काय, आणि ‘झालं’ असं कधी म्हणायचं, हे ठरवणं म्हणजे स्वतंत्र अभ्यास. ही पाचही कामं तुम्ही रविवारी रात्री, मुलं झोपल्यावर, एकटीने उरकून टाकता. सोमवारी मुलीच्या हातात उरते ती फक्त हमाली. हमालाच्या डोक्यावरून मुकादमाची नजर हटली की तो ओझं खाली ठेवतो. तीही ठेवते. यात तिची हुशारी कमी नाही आणि शिस्तही कमी नाही.

(आपल्याकडे ‘स्वाध्याय’ हा किती सुंदर शब्द होता. स्व आणि अध्याय. आता त्याचा अर्थ उरलाय धड्याखालचे प्रश्न, तेही दुसऱ्याने काढलेले.)

आधी तुमच्या मनावरचं एक ओझं उतरवते. वेळापत्रक मोडतं याचं कारण तुम्ही ढिल्या आहात हे नाही. माणसाचा स्वतःच्या कामाच्या वेळेचा अंदाज चुकतोच, आणि चुकतो तो बहुतेक वेळा एकाच बाजूला: वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागतो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या खोडीला ‘नियोजनाचा भ्रम’ या अर्थाचं नाव दिलं. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. ‘आणि सगळंच बिघडत गेलं तर?’ तरीही उत्तर ४९ दिवसांच्या पुढे गेलं नाही. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. सांगितलेल्या मुदतीत प्रबंध संपवणारे दहातले जेमतेम तीन जण. ही मोठी, शिकलेली, एकट्याचंच काम असलेली माणसं. तुमच्याकडे दोन मुलं, एक नोकरी आणि एक भागाकार आहे. अर्ध्या तासाच्या चौकटी टिकल्या असत्या तरच नवल.

चौकट मोडली की पुढच्या सगळ्या चौकटी मोडतात, हे त्या कार्डशीटचं खरं दुखणं. साडेदहाचं काम अकराला संपलं की अकराचं काम उशिराच सुरू होतं आणि दिवसभर सगळे उशिराच्या गाडीत बसल्यासारखे वागतात. म्हणून घड्याळ काढून टाका आणि क्रम ठेवा. ‘दहा वाजता गणित’ ऐवजी ‘आंघोळीनंतर गणित, गणितानंतर वाचन’. सर्दी झाली तर क्रम खोळंबतो, पण मोडत नाही. जिथे थांबलो तिथून उद्या पुढे.

आता लवचीकपणाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लवचीक म्हणजे सगळंच वाकणारं असा अर्थ घेतला की मग काहीच उभं राहत नाही. वाकणार नाही ते आधी ठरवा, आणि ते फार थोडं ठेवा. माझ्या हिशेबी दोनच गोष्टी रोजच्या: गणित, आणि भाषेतलं वाचन-लेखन. कारण या दोन्हींना सरावाचा खंड सोसत नाही आणि गणितात तर मागची कडी सुटली की पुढची बसत नाही. पण रोज म्हणजे थोडं. आठ वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस मिनिटांचं गणित पुरतं, अकरा वर्षांच्या मुलीला अर्धा-पाऊण तास. इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचा छोट्या धड्यांवर भर होता. लहान मुलांचा धडा पंधरा-वीस मिनिटांत संपवायचा, म्हणजे त्या वेळात पूर्ण लक्ष देण्याची सवय लागते. लांबवलेल्या धड्यात मूल लक्ष न देण्याची सवय लावून घेतं, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल.

बाकी विषय, म्हणजे विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला, रोज करायची काहीही गरज नाही. ते रहाटगाडग्यासारखे लावा. एका कागदावर चार-पाच विषयांची नावं एकाखाली एक लिहायची. आज वेळ मिळाला, इतिहास झाला. उद्या पाहुणे आले, काहीच झालं नाही. परवा इतिहासाच्या खालचं नाव, भूगोल. शेवटचं नाव आलं की परत वर. यात ‘बुधवारचं विज्ञान बुडलं’ असं होतच नाही, कारण विज्ञान बुधवारचं नव्हतंच. ज्या घरांमध्ये गुरुवारची चित्रकला गेले चार महिने बुडते आहे त्या घरांना हा उपाय विशेष लागू पडतो. दुसरी पद्धत म्हणजे एकच विषय दोन-तीन आठवडे सलग करायचा, मग सोडायचा, मग दुसरा. १९१९ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला पहिली वाल्डॉर्फ शाळा निघाली, तिथपासून त्या परंपरेत सकाळचा मुख्य पाठ असाच काही आठवडे एका विषयाचा चालतो. तुमची मुलगी एखाद्या गोष्टीत बुडी मारणारी असेल तर तिला हे आवडेल. मुलाला बहुधा रहाटगाडगं बरं.

आठवड्यात कामाचे दिवस चारच धरा. पाचवा दिवस कोरा. तो सुट्टीचा नाही, सांडलेलं भरून काढायचा. काही सांडलं नसेल तर मुलांचा.

आणि तारखा आधी घालू नका. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत पुढचा धडा कुठला हे दिसतंच. तो झाला की त्याच्यासमोर पेन्सिलने त्या दिवसाची तारीख घाला. दोन महिन्यांनी ती तारखांची रांग बघा. तुमच्या घराचा खरा वेग किती, हे त्यातून कळेल. पुढच्या तिमाहीचा अंदाज त्या वेगावरून बांधा, रविवार रात्रीच्या उत्साहावरून नको. वर सांगितलेल्या भ्रमावर तुम्ही-आम्ही करू शकू असा हाच एक उतारा मला माहीत आहे: मागच्या वेळी खरोखर किती वेळ लागला होता ते बघणं.

आता मुलीकडे येऊ. माझा जीव तिच्यातच अडकलाय.

‘शेजारी बसले तरच करते’ या एका तक्रारीमागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे. पहिलं, पुस्तकातल्या सूचना तिला एकटीला नीट उमगत नाहीत, तुम्ही त्या मोठ्याने वाचून सोप्या करता आणि तुम्हाला ते करताना जाणवतही नाही. दुसरं, किती केलं म्हणजे पुरे हे तिला माहीत नाही, म्हणून तुमचा चेहरा हीच तिची मोजपट्टी. तिसरं, तिला फक्त सोबत हवी आहे. ओळखायचं कसं? तिला नक्की येणारा, सोपा, दहा मिनिटांचा सराव द्या आणि दुसऱ्या खोलीत जा. तो तिने केला तर सोबतीचा प्रश्न नाही, सूचना किंवा मोजपट्टीचा आहे. तोही केला नाही तर तिला माणूस हवंय, आणि अकराव्या वर्षी माणूस हवं असणं हा काही दोष नव्हे. अशा मुलीजवळ आपलं काम घेऊन बसा, तिचं नाही. तुमची सकाळची नोकरी इथे कामाला येईल. एकाच टेबलावर दोघी, तुमच्यापुढे तुमचा लॅपटॉप, तिच्यापुढे तिची वही, आणि बोलणं नाही.

१९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला मदत करताना काय घडतं याचा अभ्यास केला आणि मोठ्यांच्या मदतीला इमारतीभोवतीच्या परांचीची उपमा दिली. ही उपमा मला फार आवडते, कारण परांची बांधताना ती काढायची आहे हे गवंड्याला पक्कं ठाऊक असतं. आणि तो ती एका रात्रीत ओढून काढत नाही. आधी शेजारी बसणं. मग त्याच खोलीत, पण आपल्या कामात. मग दुसऱ्या खोलीत, पंधरा-वीस मिनिटांनी एक फेरी. मग फेरीही नाही, फक्त ठरलेल्या वेळी तिने शंका घेऊन यायचं. एका पायरीवर दोन-तीन आठवडे लागले तर लागू द्या. मध्येच आजारपण आलं, नवा अवघड भाग आला, तर एक पायरी खाली या. मग ‘परत मागचे पाढे पंचावन्न’ म्हणून कपाळावर हात मारू नका. अपूर्णांकात एकटी चालणारी मुलगी बीजगणितात पुन्हा बोट धरते. ते तसंच असतं.

अडलं तर काय करायचं, हे मात्र आधी ठरलेलं हवं, नाहीतर दर तीन मिनिटांनी ‘आई’ अशी हाक येणार. आमच्या घरी असं होतं: उदाहरण पुन्हा एकदा मोठ्याने वाच, मागच्या पानावरचं सोडवून दाखवलेलं उदाहरण बघ, तरी नाही आलं तर त्याच्याभोवती चौकट काढ आणि पुढच्या गणितावर जा. चौकटी साठवून अकरा वाजता माझ्याकडे ये. गंमत म्हणजे अकरा वाजेपर्यंत निम्म्या चौकटी मुलाने स्वतःच खोडलेल्या असायच्या.

आणि उत्तरसूची तिच्याच हातात द्या. हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, माझ्याही आला होता. तपासणं तुमच्याकडे राहिलं तर ‘बरोबर आहे का’ हे विचारायला तिला दर वेळी तुमच्याकडेच यावं लागतं, मग ती स्वतंत्र होणार कशी? पण यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले आहे. माझ्या मुलाला बाराव्या वर्षी उत्तरसूची दिली. तीन आठवडे सगळं बरोबर. मी खूश. चौथ्या आठवड्यात एका गणिताचं उत्तर त्याने चुकीचं लिहिलं होतं, आणि सूचीतही नेमकं तेच चुकीचं उत्तर छापलं होतं. छपाईची चूक त्याने इमानेइतबारे उतरवून घेतली होती! मी चिडले, बोलले, सूची कपाटात बंद केली. दोन दिवसांनी शांत झाल्यावर कळलं की चूक माझीच होती. मी रोज ‘किती बरोबर आले?’ एवढंच विचारत होते, त्यामुळे त्याने बरोबर उत्तरं पुरवली. मग सूची परत दिली आणि प्रश्न बदलला: ‘आज कुठलं चुकलं आणि का चुकलं, एक सांग.’ एक पान संपलं की वेगळ्या रंगाच्या पेनने तपासायचं, चुकलेलं खोडायचं नाही, त्याच्या शेजारी पुन्हा सोडवायचं, आणि एक चूक मला समजावून द्यायची. एकही चूक नसेल तर मी म्हणायचे, मग उद्या अवघड पानावरून सुरू कर. नक्कल करून मिळवण्यासारखं काही उरलंच नाही.

इतर विषयांत ती खरंच शिकली का, हे शेजारी न बसता कळायला एक साधन पुरेसं आहे. पुस्तक मिटायचं आणि सांगायचं. तोंडी, किंवा पाच ओळी लिहून, किंवा आकृती काढून. हे केवळ तुमच्या समाधानासाठी नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला, दुसऱ्या गटाला एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा उलटं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे ‘वाचलं, आलं’ असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्या क्षणी त्याला खरंच आलेलं असतं. संध्याकाळी फिरायला जाताना ‘आज त्या ज्वालामुखीचं काय झालं?’ एवढं विचारत जा, आणि ती सांगत असताना मध्ये दुरुस्त्या करू नका. हे जमणं कठीण आहे, माझी जीभ अजून वळवळते.

आता मुख्य गोष्ट. रविवारची रात्र बंद करा. त्याऐवजी रविवारी सकाळी वीस मिनिटं मुलीबरोबर बसा, आणि पेन्सिल तिच्या हातात द्या. शब्दशः. तुमच्या हातात पेन्सिल असेल तर तुम्ही लिहाल.

पहिला महिना तिने फक्त क्रम ठरवायचा, काम तुम्ही द्यायचं. दुसऱ्या महिन्यात आठवड्याचं काम एकत्र सांगायचं, गणिताची आठ पानं, वाचनाचे दोन धडे, एक निबंध, आणि ते चार दिवसांत कसं वाटायचं ते तिचं तिने बघायचं. प्रत्येक कामापुढे ‘किती वेळ लागेल’ हा तिचा अंदाज लिहायचा, आणि झाल्यावर खरा लागलेला वेळ. या दोन आकड्यांवर कुणी काही बोलायचं नाही, बोलायचंच झालं तर तिनेच. तिसऱ्या महिन्यात एक विषय पूर्ण तिचा. काय शिकायचं, कुठून, किती दिवस, आणि शेवटी काय करून दाखवायचं. विषय तुम्हाला निरर्थक वाटला तरी चालेल, बुरशीचे प्रकार किंवा जुनी जहाजं किंवा सांकेतिक लिप्या. त्यात तिला वाचावंही लागेल, लिहावंही लागेल आणि मोजावंही.

दुसऱ्या महिन्यात काय होणार ते मी आत्ताच सांगते. सोमवारी ती मजेत एक पान करेल. मंगळवारी गोष्टीचं पुस्तक वाचेल. बुधवारी ‘अजून वेळ आहे’. गुरुवारी सात पानं, दोन धडे आणि अख्खा निबंध एकत्र अंगावर येतील. रडू येईल, आदळआपट होईल, कदाचित ‘तू मला आधी का नाही सांगितलंस’ असंही ऐकून घ्यावं लागेल. तुमच्या जिभेवर दोन वाक्यं येतील: ‘बघ, मी म्हणत होते ना’ आणि ‘आण इकडे, मी करून देते’. दोन्ही गिळा. गुरुवार वाईट जाईल, जाऊ द्या. शुक्रवार कोरा आहे, तिथे उरलेलं जाईल आणि तिची मोकळी सकाळ जाईल. रविवारी बसाल तेव्हा एवढंच विचारा, ‘या आठवड्यात काय वेगळं करूया?’ अशी तीन-चार आठवडे पडझड होते. शाळेत ही पडझड चौदाव्या-पंधराव्या वर्षी होते, परीक्षेच्या तोंडावर. तिला ती अकराव्या वर्षी, घरात, तुमच्या डोळ्यांदेखत करायला मिळते आहे, आणि घरी शिकवण्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

आठ वर्षांच्या भावाकडून मात्र यातलं फारसं मागू नका. पंधरा-वीस मिनिटं एकट्याने काम, दोन गोष्टींतून आधी कुठली ते निवडणं आणि आपलं सामान जागेवर ठेवणं, एवढं पुष्कळ झालं. तो सलग वाचू शकत नसेल तर ‘स्वतंत्र अभ्यास’ हा शब्दच त्याच्यासाठी नाही, त्याला रोज मांडीवर घेऊन वाचून दाखवा. अक्षरांशी झगडा फारच चालला असेल तर डोळे आणि कान तपासून घ्या, आणि तरी सुटलं नाही तर वाचन-अडचणींच्या जाणकाराला दाखवा. बहिणीच्या नादाने तोही ‘माझी पेन्सिल’ म्हणून रविवारी येऊन बसेल. बसू द्या.

चांदण्यांची स्टिकरं संपली की नवी आणू नका. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर मोकळ्या वेळात त्या मुलांचं चित्र काढणं बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या निम्म्यावर आलेलं. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. तेव्हा कौतुक करा, पण त्याचा दर ठरवू नका.

तुमच्या मिस्टरांचा मला राग आलेला नाही. त्यांना दिसतं काय? सोमवारी रंगीत तक्ता आणि बुधवारी चिडलेली बायको. त्यांना दाखवायला काहीतरी ठेवा. पेन्सिलच्या तारखांची ती अनुक्रमणिका, आणि दर महिन्याला एक फाइल: दोघांचं प्रत्येकी एक पान लेखन, एक पान गणित, दोन्हींवर तारीख, आणि मोठ्याने वाचल्याचं एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण. सहा महिन्यांपूर्वीचं वाचन आणि आजचं वाचन लागोपाठ ऐकवलं की वाद बहुतेक मिटतो. ही फाइल कायद्यासाठीही हाताशी असू द्या. जर्मनीसारख्या काही देशांत शाळेत जाणं सक्तीचंच आहे, काही ठिकाणी आधी परवानगी लागते, काही ठिकाणी फक्त कळवावं लागतं किंवा वर्षाअखेर कामाचे नमुने दाखवावे लागतात. तुम्ही राहता तिथला नियम मूळ कागदावरून वाचा, कुणीतरी सांगितलं म्हणून सोडू नका. आणि वर दिलेल्या कामांतलं एखादं त्यांच्याकडे सोपवा. संध्याकाळी ज्वालामुखीचं ते विचारू शकतात.

‘मागे पडणं’ याबद्दल थोडं सरळ बोलते, कारण खोटा दिलासा देऊन तुमची झोप परत येणार नाही. इतिहासात मागे पडणं असं काही नसतं. वाचन आणि गणितात असतं. म्हणून दर तीन महिन्यांनी दोघांच्या वयाच्या इयत्तेची गणिताची आणि भाषेची पुस्तकं काढून शेवटचे प्रश्न सोडवायला द्या, गुण न देता, फक्त फट कुठे आहे ते बघायला. एकदा फट दिसली तर सराव वाढवा. त्याच जागी लागोपाठ दोनदा दिसली तर मदत घ्या, दुसऱ्या कुणी शिकवून बघू द्या. एरवी रात्री हा विचार आला तर स्वतःला सांगा, तपासणीची तारीख ठरलेली आहे. आणि वर्षभराने तुम्हाला वाटलं की मुलं ठीक आहेत पण तुम्हीच मोडकळीला आलात, तर शाळा हा मार्ग खुला आहे. त्यात हार-जीत नाही. आपला आठवडा आपण आखू शकणारी मुलगी शाळेतही ते विसरणार नाही.

जाता जाता, ती कार्डशीट फाडू नका. तिची मागची बाजू कोरी असेल. येत्या रविवारी टेबलावर उलटी पसरा, मुलीला हाक मारा, पेन्सिल द्या, आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसा.